शेतमालाची पिकअप मोटार : मालकांच्या अनुभवातून भरवशाचा व आरामाचा विचार

१. प्रास्ताविक

शेतात पिकलेला माल जोपर्यंत सुस्थितीत बाजारात पोहोचत नाही, तोपर्यंत शेतकऱ्याचे वर्षाचे काम पुरे झाले असे म्हणता येत नाही. धान्य दोन दिवस उशिरा पोहोचले तरी फारसे बिघडत नाही. परंतु टोमॅटो, द्राक्षे, पालेभाजी, फुले व दूध यांची गोष्ट तशी नाही. पहाटेच्या लिलावाला निघालेली गाडी घाटात बंद पडली, तर एका रात्रीत तीन महिन्यांची मेहनत पाण्यात जाते. यास्तव शेतकऱ्याच्या दृष्टीने वाहनाचा भरवसा हा हौसेचा विषय नसून तो पिकाच्या खर्चाचा एक भाग आहे.

लहान मालवाहू गाडीस आपल्याकडे सरसकट 'टेम्पो' म्हणण्याची रीत आहे. १९५८ साली स्थापन झालेल्या बजाज टेम्पो या कंपनीच्या तीनचाकी मालगाड्यांवरून हा शब्द रूढ झाला. पुढे २००५ साली 'टाटा एस' ही दोन सिलिंडरच्या इंजिनाची छोटी चारचाकी मालगाडी बाजारात आली व लहान वाहनांचा प्रसार खेड्यापाड्यांतून वेगाने झाला. आज सुमारे पाऊण टनापासून दोन टनांच्या आसपास भार वाहणाऱ्या अनेक प्रकारच्या गाड्या उपलब्ध आहेत. त्यांपैकी पुढे बॉनेट, मध्ये केबिन व मागे उघडा हौदा अशी रचना असलेल्या गाडीस सामान्यतः पिकअप म्हणतात.

अशी गाडी घेण्यापूर्वी शेतकरी गावातील जुन्या मालकांना विचारतो, आणि ते योग्यच आहे. पण एक मालक म्हणतो, "गाडी लोखंड आहे, पाच वर्षांत हात लावावा लागला नाही", तर त्याच कंपनीची तीच गाडी वापरणारा दुसरा म्हणतो, "दर चार महिन्यांनी मेस्त्रीकडे उभी असते." दोघेही खरे बोलत असतात. असे का होते, याचा उलगडा करणे व त्यावरून आपल्या उपयोगाचा निष्कर्ष काढणे, हा प्रस्तुत पाठाचा उद्देश आहे.

२. मालकाचा अनुभव कसा ऐकावा

समजा, एकाच गावात दोन शेतकऱ्यांनी एकाच महिन्यात एकसारख्या गाड्या घेतल्या. पहिला आठवड्यातून तीन वेळा पंचवीस किलोमीटरवरील बाजारसमितीत भाजी नेतो, भार नियमात ठेवतो आणि गाडी स्वतः चालवतो. दुसरा स्वतःचा माल झाल्यावर गाडी भाड्याने लावतो. कधी वीट, कधी वाळू, कधी सिमेंट. चालक दर दोन महिन्यांनी बदलतो. तीन वर्षांनंतर दोघांच्या अनुभवात जे अंतर पडेल, ते कारखान्याने पाडलेले नसून वापराने पाडलेले असेल.

म्हणून "गाडी कशी आहे?" एवढाच प्रश्न न विचारता पुढील पाच प्रश्न विचारावेत :

(१) महिन्याला किती किलोमीटर चालते?
(२) एका खेपेस खरोखर किती वजन भरले जाते?
(३) रस्ता कोणता : सपाट, घाटाचा की पाणंदीचा?
(४) गाडी कोण चालवतो, आणि तो चालक कायम आहे काय?
(५) गेल्या वर्षात गाडी एकूण किती दिवस बंद होती, आणि सुटा भाग मिळण्यास किती दिवस लागले?

यांतील पाचवा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. बिघाड प्रत्येक यंत्रात होतो. परंतु ज्या गाडीचा भाग तालुक्याच्या गावी त्याच दिवशी मिळतो, तिचा बिघाड एका दिवसाचा असतो. ज्या गाडीच्या भागासाठी आठ दिवस थांबावे लागते, ती एरवी कितीही उत्तम असली तरी हंगामात भरवशाची म्हणता येणार नाही.

३. भाराचा हिशेब

पिकअपच्या तक्रारींत पुन्हा पुन्हा ऐकू येणाऱ्या गोष्टी म्हणजे मागील कमानीचे पाटे तुटणे, मागचे टायर लवकर झिजणे, क्लच जळणे आणि चाकाचे बेअरिंग जाणे. या चारही तक्रारींच्या मुळाशी बहुधा एकच कारण असते, ते म्हणजे अधिक भार. अनेक मालक जाणूनबुजून जास्त भरतात हे खरे. पण पुष्कळांना आपण जास्त भरतो आहोत याची कल्पनाही नसते. सबब हा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहावा.

गाडीच्या नोंदणी पुस्तकात दोन आकडे दिलेले असतात : भारासह एकूण वजन व रिकाम्या गाडीचे वजन. या दोहोंतील फरक म्हणजे सगळा माल, असे समजणे बरोबर नाही. कारण मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येप्रमाणे रिकाम्या वजनात चालक व त्याचा सोबती यांचे वजन धरलेले नसते. नंतर बसविलेली लोखंडी जाळी, ताडपत्री, दोर यांचेही वजन असते. उदाहरणादाखल पुढील हिशेब पाहा :

भारासह एकूण वजन : २,९९० किलो
रिकाम्या गाडीचे वजन : १,६९० किलो
फरक : १,३०० किलो
वजा चालक व सोबती : १४० किलो
वजा जाळी, ताडपत्री व दोर : ६० किलो
प्रत्यक्ष मालासाठी उरलेले : १,१०० किलो

टोमॅटोचा एक भरलेला क्रेट, ज्यास बाजारात 'कॅरेट' म्हणतात, क्रेटच्या वजनासह सुमारे २२ किलो धरला, तर या गाडीत ५० क्रेट बसतात. हौद्यात जागा मात्र अधिक असते. उंच जाळी लावून ८० क्रेट भरले, की भार ६६० किलोंनी वाढतो. म्हणजे जणू सात क्विंटल कांदा वर टाकून गाडी पळवली जाते. हौद्याची जागा ही भाराची मर्यादा नव्हे, हे ध्यानात ठेवावे.

ज्यादा भाराने होणारे नुकसान लगेच दिसत नाही. पाटा पहिल्याच खेपेस तुटत नाही. प्रत्येक खड्ड्यागणिक तो थोडा थोडा थकतो व एखाद्या दिवशी किरकोळ दणक्याने तुटतो. मग मालक म्हणतो, "रस्ता चांगला असताना तुटला, लोखंडच खराब." लोखंड थकलेले होते, एवढाच त्याचा अर्थ.

यावर उपाय म्हणून मागील कमानीत एक-दोन पाटे वाढवून घेण्याची प्रथा सर्वत्र आढळते. पाटे वाढवल्याने गाडी बसत नाही, हे खरे. परंतु आसाचा दांडा, बेअरिंग, ब्रेक, टायर व चासी यांची ताकद त्यामुळे तिळमात्रही वाढत नाही. शिवाय काही गाड्यांत मागील ब्रेकचा दाब भारानुसार कमी-अधिक करणारी झडप असते. हौदा आसाकडे किती खाली आला यावरून ती भार ओळखते. कमान कडक केली की भरलेली गाडीही तिला रिकामी भासते, व मागील चाकांस ब्रेक कमी लागतो. म्हणजे भार वाढवण्यासाठी केलेला उपाय नेमका ब्रेकच्या मुळावर येतो.

कायद्याची बाजूही पाहावी. २०१९ साली सुधारलेल्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये ज्यादा भारासाठी २०,००० रुपये व त्यावर प्रत्येक ज्यादा टनामागे २,००० रुपये अशा दंडाची तरतूद आहे, व जादा माल उतरविण्याचा खर्चही वेगळा पडतो. तीस क्रेट अधिक नेऊन वाचलेले भाडे या रकमेपुढे किती टिकते, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

भार किती, याइतकेच तो कोठे ठेवला हेही महत्त्वाचे आहे. जड माल केबिनच्या पाठीस लागून, मागील आसाच्या पुढे ठेवावा. फाळका उघडा टाकून त्यावर माल रचला, तर तराजूप्रमाणे गाडीचे तोंड वर उचलले जाते, पुढील चाकांची पकड सुटते आणि वळणावर स्टिअरिंग हलके लागते. हलके स्टिअरिंग हे आरामाचे नव्हे, तर धोक्याचे लक्षण समजावे.

४. घाट : आपला माल चढतो की उतरतो?

महाराष्ट्रात सह्याद्रीमुळे शेतमालाची वाहतूक दोन प्रकारची झाली आहे, आणि मालकांच्या अनुभवांतील फरकाचे हे एक मोठे कारण आहे.

नाशिक भागातून मुंबईकडे जाणारा माल कसारा घाट उतरतो. जुन्नर भागातील माल माळशेज उतरतो. येथे भरलेली गाडी खाली येते व रिकामी वर चढते. म्हणून अशा मार्गावर इंजिनाची नव्हे, तर ब्रेकची परीक्षा असते. उलट, रत्नागिरीचा आंबा कोल्हापूरच्या बाजारी न्यायचा तर आंबा घाट, व चिपळूणहून कऱ्हाडकडे जायचे तर कुंभार्ली घाट भरल्या गाडीने चढावा लागतो. येथे क्लच, रेडिएटर व इंजिन यांची कसोटी लागते. देशावरील मालक ज्या गाडीच्या इंजिनाची वाखाणणी करतो, त्याच गाडीच्या क्लचविषयी कोकणातील मालक कुरकुर करतो, याचे कारण हेच.

घाट उतरताना ब्रेकवर काय प्रसंग येतो, हे एका साध्या हिशेबाने कळेल. इगतपुरीहून कसाऱ्याकडे येताना सुमारे ३०० मीटर उंची उतरावी लागते. तीन टनांची गाडी एवढी खाली आली, तर तिच्या वजनामुळे जी ऊर्जा मोकळी होते, तिच्यात सुमारे २५ लिटर थंड पाणी उकळीस येईल. यातील काही भाग हवेच्या व टायरच्या घर्षणात खर्च होतो. उरलेली उष्णता इंजिनने घ्यावी की ब्रेकने, हे मात्र चालक ठरवतो. खालचा गिअर टाकून उतरल्यास बराचसा जोर इंजिन घेते. गाडी न्यूट्रल करून उतरल्यास सर्व उष्णता ब्रेकमध्ये जाते. ब्रेक तापून पकड सोडतात व अखेर पायाखालचे पेडल निष्फळ होते. डिझेल वाचविण्यासाठी न्यूट्रलमध्ये उतरणारा चालक खरे पाहता काहीच वाचवीत नाही. कारण आजच्या इंजिनात गिअरमध्ये उतरताना पाय ॲक्सिलरेटरवरून काढला, की डिझेलचा पुरवठा जवळपास बंदच होतो.

वेगाचाही हिशेब ध्यानात असावा. गाडीची गती ताशी ४० वरून ६० किलोमीटर, म्हणजे दीडपट केली, तर ती थांबविण्यासाठी लागणारी शक्ती दीडपट नव्हे, सव्वादोनपट होते.

ब्रेकचे तेल हवेतील ओलावा शोषून घेते, व ओलावा शिरलेले तेल घाटात लवकर उकळते. म्हणून ते कमी झाले नसले तरी साधारण दोन वर्षांनी संपूर्ण बदलावे. घाट चढणाऱ्यांनी क्लचवर पाय ठेवून गाडी चालवू नये, आणि चढावर थांबल्यास अर्धवट क्लचवर गाडी न धरता हँडब्रेक ओढावा. रेडिएटरमध्ये बोअरचे जड पाणी कधीही भरू नये. त्यातील क्षारांचा थर आत बसून इंजिन तापते. कंपनीने सांगितलेले शीतकच वापरावे, आणि गरम रेडिएटरचे झाकण कदापि उघडू नये.

५. आराम म्हणजे चैन नव्हे

"मालाच्या गाडीत आराम कसला पाहायचा?" असे पुष्कळ शेतकरी विचारतात. हा समज बदलणे अगत्याचे आहे. दिवसभर तोडणी करून, रात्री माल भरून, पहाटे बाजार गाठणारा चालक हा अगोदरच थकलेला असतो. रात्री दोन ते पहाटे पाच या वेळी माणसाचे शरीर झोपेस सर्वाधिक वश होते. अशा वेळी पाठ अवघडवणारी बैठक, केबिनची उष्णता व सततचा आवाज ही थकव्यात भर घालतात. थकलेल्या चालकाचा ब्रेक उशिरा लागतो. त्यामुळे केबिनमधील आराम हा गाडीच्या भरवशाचाच एक भाग होय.

नवीन मालकांची नेहमीची तक्रार अशी असते की, "रिकामी गाडी फार उडते." यात बिघाड काही नाही. टन-सव्वा टन भार पेलण्यासाठी बनविलेली पाट्यांची कमान रिकाम्या हौद्याच्या वजनाने वाकतच नाही. त्यामुळे रस्त्याचा प्रत्येक दणका सरळ वर येतो. भार भरला की तीच कमान वाकू लागते व गाडी स्थिर चालते. जी कमान रिकामी असताना मऊ, ती भार आल्यावर बसणार. जी भारास ताठ, ती रिकामी असताना कडक लागणार. दोन्ही गुण पूर्णपणे एका गाडीत मिळत नाहीत. यास्तव विकत घेण्यापूर्वी गाडी दोन वेळा चालवून पाहावी : एकदा रिकामी व एकदा पोत्यांचा निम्मा-अधिक भार घालून. बहुतेक खरेदीदार गुळगुळीत रस्त्यावर रिकामी गाडी फिरवून निर्णय घेतात. त्या परीक्षेचा उपयोग थोडा.

गाडीच्या रचनेनुसारही आरामात भेद पडतो. बॉनेटच्या गाडीत इंजिन पुढे असल्याने केबिनमध्ये उष्णता व आवाज कमी येतो. ज्या लहान मालगाड्यांत इंजिन बैठकीखाली असते, त्यांत उन्हाळ्यात उष्णता अधिक जाणवते. मात्र त्या गाड्या लांबीने आखूड असल्याने गल्लीबोळातील बाजारात सहज वळतात. ज्याची खेप वीस किलोमीटरची आहे, त्यास दुसरी रचना सोयीची. ज्यास दोनशे किलोमीटर रात्री जावयाचे आहे, त्यास पहिली हितावह.

बैठकीसंबंधी पुढील गोष्टी पाहाव्यात. क्लच पूर्ण दाबला असता गुडघा किंचित वाकलेला राहावा. कमरेचा खालचा भाग पाठीस टेकलेला असावा. तेथे पोकळी राहत असल्यास घट्ट घडी केलेला टॉवेलही उपयोगी पडतो. लांबच्या प्रवासात दर दोन तासांनी गाडी थांबवून दहा मिनिटे चालावे. झापड येऊ लागल्यास चहावर किंवा तंबाखूवर विसंबू नये. गाडी सुरक्षित जागी उभी करून वीस मिनिटे डोळे मिटावेत. माल अर्धा तास उशिरा पोहोचल्याने होणारे नुकसान भरून निघते.

६. मालाचाही आराम

चालकाला जो दणका बसतो, तो मालालाही बसतो. मात्र माल तक्रार करीत नाही, त्याची तक्रार अडत्या करतो. गाडीत सर्वाधिक कंप मागील आसाच्या वर व मागे, आणि थप्पीच्या सर्वांत वरच्या क्रेटमध्ये असतो. वरचा क्रेट प्रत्येक दणक्यास किंचित उडतो व खाली आपटतो. आतील फळे एकमेकांवर घासतात. हे घासलेले डाग भरताना दिसत नाहीत, बाजारात उघडल्यावर दिसतात.

म्हणून नाजूक माल पुढे व खालच्या-मधल्या थरात, आणि टणक माल मागे व वर ठेवावा. क्रेट काठोकाठ भरून वर ढीग करू नये. वरचा क्रेट टेकला की तो ढीग चिरडतो. क्रेटमध्ये फळे हलतील अशी पोकळीही ठेवू नये. थप्पी दोराने घट्ट आवळावी, जेणेकरून क्रेट स्वतंत्रपणे उडणार नाहीत. ताडपत्री घातली तरी हवा खेळण्यास पुढून-मागून वाट ठेवावी. कोंडलेल्या उष्णतेने भाजीपाला रस्त्यातच मलूल होतो.

टायरमधील हवेचा येथे मोठा संबंध आहे. हवा कमी असल्यास टायर तापून फुटतो. गरजेपेक्षा जास्त असल्यास टायर दगडासारखा कडक होऊन प्रत्येक दणका मालापर्यंत पोचवतो. हवेचा योग्य दाब चालकाच्या दरवाज्याजवळील पट्टीवर किंवा माहितीपुस्तिकेत दिलेला असतो. रिकाम्या व भरलेल्या गाडीसाठी वेगळे आकडे असल्यास त्याप्रमाणे वागावे. हवा नेहमी टायर थंड असताना तपासावी, आणि स्टेपनीतील हवाही विसरू नये.

७. नव्या इंजिनाची निगा

१ एप्रिल २०२० पासून देशात भारत स्टेज सहा ही प्रदूषणमर्यादा लागू झाली. त्यानंतरच्या डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारी गाळणी असते. गाडी वेगाने व सलग चालली, की गाळणी तापून काजळी आतच जळून जाते. परंतु रोज पाच-सात किलोमीटरच चालणाऱ्या गाडीत ती तापत नाही व चोंदते. अशा गाडीस पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे अधूनमधून मोकळ्या रस्त्यावर सलग चालवावे. समोरील फलकावर गाळणीचा दिवा लागल्यास दुर्लक्ष करू नये. इंजिनात ऑइलही कंपनीने सांगितलेल्या जातीचेच घालावे. साध्या ऑइलच्या राखेने हीच गाळणी कायमची भरते.

काही गाड्यांत धूर शुद्ध करण्यासाठी युरियाचे द्रावण वेगळ्या टाकीत भरावे लागते. येथे शेतकरी बंधूंस एक स्पष्ट सूचना देणे आवश्यक आहे. घरातील खताचा युरिया पाण्यात विरघळवून या टाकीत कधीही घालू नये. टाकीतील द्रावणात ३२.५ टक्के अतिशुद्ध युरिया व क्षाररहित पाणी असते. खताच्या युरियात अशुद्ध द्रव्ये असतात, व २०१५ पासून देशात तयार होणाऱ्या युरियावर कडुनिंबाच्या तेलाचा लेप सक्तीचा आहे. या द्रव्यांनी फवारणीचे तोंड चोंदते व धूर शुद्ध करणारा महागडा भाग निकामी होतो. थोड्या पैशांच्या बचतीसाठी मोठी दुरुस्ती ओढवून घेऊ नये. शिवाय अनुदानाच्या खताचा असा वापर नियमबाह्य आहे.

टर्बो असलेले इंजिन घाट चढून आल्यावर किंवा लांब पल्ल्यानंतर एकदम बंद न करता मिनिटभर मंद चालू ठेवावे.

रोजच्या निगेचे वेळापत्रक येणेप्रमाणे असावे :

रोज निघण्यापूर्वी : इंजिन ऑइल, शीतक, टायर, दिवे, ब्रेकचा दाब व गाडीखाली पडलेले थेंब पाहावेत.
आठवड्यास : टायरमधील हवा, चाकांचे नट, बॅटरीची टोके व कमानीचे पाटे तपासावेत. चाक बदलले असल्यास पन्नास-शंभर किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळावेत.
महिन्यास : हवेची गाळणी झटकावी अथवा बदलावी. पाणंदीच्या धुळीत चालणाऱ्या गाडीस हे अधिक वेळा लागते.
पावसाळ्यापूर्वी व नंतर : हौद्याचा तळ धुऊन गंज पाहावा. खत व मीठ वाहिल्यास त्याच दिवशी हौदा धुवावा. खताच्या ओलाव्याने पत्रा फार लवकर खाल्ला जातो.

८. नोंदवही व खर्चाचा विचार

अनुभवास आकड्याचा आधार नसेल, तर त्याचे रूपांतर कौतुकात किंवा गाऱ्हाण्यात होते. म्हणून प्रत्येक मालकाने एक साधी वही ठेवावी. तिच्यात तारीख, किलोमीटर, भार, डिझेल, दुरुस्ती व गाडी बंद असल्याचे दिवस, असे सहा रकाने असावेत. डिझेलचा खप हळूहळू वाढत असल्यास वही ते महिनाभर आधी सांगते. गाडी सांगते ती रस्त्यात थांबून.

याच वहीवरून गाडी ठेवणे परवडते काय, हेही कळते. समजा, हप्ता, विमा व इतर बांधील खर्च वर्षाला १,८०,००० रुपये आहे. गाडी वर्षात ३०,००० किलोमीटर चालली, तर हा खर्च किलोमीटरमागे ६ रुपये पडतो. केवळ १०,००० किलोमीटर चालली, तर १८ रुपये. डिझेल व दुरुस्ती यांहून वेगळी. तेव्हा ज्याचे काम थोडे, त्याने दोघा-तिघांत मिळून किंवा शेतकरी उत्पादक कंपनीमार्फत गाडी ठेवणे अथवा भाड्याने घेणे इष्ट. केवळ हप्ता फेडण्यासाठी मिळेल तो भार वाहण्याची पाळी येते, तेथूनच गाडीच्या नाशास प्रारंभ होतो.

जुनी गाडी घेताना चासीवर जोड दिल्याच्या खुणा, दोन्ही बाजूंच्या कमानींची सारखी उंची, वाढविलेले पाटे, टायरची एकांगी झीज व थंड इंजिन सुरू करताना निघणारा धूर बारकाईने पाहावा. ज्या गाडीत जादा पाटे आढळतील, तिने आयुष्यभर जादा भार वाहिला असे समजून किंमत करावी. नोंदणी पुस्तकावर कर्जाचा बोजा नाही ना, विमा व योग्यता प्रमाणपत्र चालू आहे ना, हेही पाहावे. हे प्रमाणपत्र पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी व त्यानंतर दरवर्षी घ्यावे लागते.

एकूण वजन ३,००० किलोंहून अधिक नसलेल्या मालगाडीस परवान्यातून सूट आहे. हलक्या मोटारीचे लायसन असलेला चालक ७,५०० किलोंपर्यंतची मालगाडी चालवू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केले आहे. मात्र हौद्यात मजूर किंवा वऱ्हाडी बसवून नेणे कायद्यास मान्य नाही. तो हौदा माणसांसाठी केलेला नाही. त्यास धरण्यास दांडा नाही, बसण्यास बैठक नाही, आणि अपघात झाल्यास विम्याची भरपाई मिळण्यास मोठी अडचण येते.

९. सारांश

पिकअप गाडीचा भरवसा दुकानात पूर्ण विकत मिळत नाही. त्याचा काही भाग कारखाना देतो. उरलेला भार मोजून भरणारा हात, खालच्या गिअरमध्ये घाट उतरणारा पाय आणि रोज सकाळी बॉनेट उघडणारी सवय यांनी मिळवावा लागतो. आराम हा त्या भरवशाचा शत्रू नसून सोबती आहे; कारण ज्या गाडीत चालक ताजातवाना राहतो, त्याच गाडीत माल शाबूत राहतो व गाडीही अधिक काळ टिकते.

१०. चर्चामंडळासाठी प्रश्न

(१) आपल्या गाडीच्या नोंदणी पुस्तकावरून मालासाठी खरोखर किती वजन उरते, ते काढा. आपल्या नेहमीच्या मालाची किती पोती किंवा क्रेट त्यात बसतात?
(२) आपला माल घाट चढतो की उतरतो? त्यानुसार गाडीच्या कोणत्या भागाची निगा अधिक घ्यावी?
(३) कमानीचे पाटे वाढविल्याने गाडीचे कोणते भाग बलवान होत नाहीत?
(४) गावातील दोन मालकांना या पाठातील पाच प्रश्न विचारा व त्यांच्या उत्तरांतील फरकाची कारणे सांगा.
(५) गेल्या हंगामात आपली किंवा भाड्याची गाडी किती दिवस बंद होती, व त्यामुळे मालाचे किती नुकसान झाले, याचा हिशेब मांडा.